बूड न टेकणारी मेधा

सन दोन हजार वीस. मी एकाहत्तर वर्षांचा. नातवाच्या बारशाला म्हणून ग्रिफिथला लेकाकडे आलो होतो. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि विमानं बंद झाली. ग्रिफिथ म्हणजे सिडनीहून मोटारीने निघालं की दिवस खाणारं गाव. द्राक्षं, संत्री आणि प्रून. प्रून म्हणजे सुकवायचे आलुबुखार. लेक संजय वाईनच्या कारखान्यात शिफ्टला जायचा, सून अश्विनी घरातूनच कॉम्प्युटरवर नोकरी करायची, नातू झोपायचा, आणि मी खिडकीतून दुसऱ्याची बाग बघत बसायचो. ज्याने उभा जन्म तासगावकडं द्राक्षबाग केली त्याला असं नुसतं बघत बसवणं ही शिक्षाच. माझी शाळा चौथीची, तीही धड नाही. पण बागेतलं मला कुणी शिकवावं, असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही.

बाग नीनोची. बापाने इटलीहून येऊन लावलेली. नीनो माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच हेकट. आम्ही राहायचो ते घरही त्याचंच, बागेच्या कडेला, भाड्याचं. कुंपणापलीकडं दुसऱ्या कुणाची पीचची झाडं होती.

जुलै महिना असेल. तिकडं तेव्हा थंडी. सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं, झाडांवर पान नाही. त्या उघड्या झाडांतून पुरुषी टोपी घातलेली एक बाई चालली होती. झाडापाशी थांबायची, फांदी डोळ्याजवळ ओढायची, सोडून द्यायची, पुढच्या झाडाला. मला वाटलं काही हरवलंय. कानटोपी चढवून मी बाहेर पडलो.

"काय शोधताय बाई?" मी मराठीतच विचारलं. इंग्रजी मला येत नाही, आणि समोरच्याला मराठी येत नसेल तर ती त्याची अडचण.

तिने भिंगावरचा डोळा काढला नाही. "खवलेकीड. तुम्ही संजयचे बाबा ना? जरा बाजूला व्हा, उन्हाच्या आड येताय."

आमच्या शिवारात मला बाजूला हो म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. पण मी झालो बाजूला. ही मेधा.

ती मूळची पुण्याची. युनिव्हर्सिटीत शिकायला म्हणून आली, इथलीच झाली. बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरला होती. माणसांच्या नव्हे, बागांच्या. बागवाला यायचा, कॅलेंडर बघून कॅन मागायचा, ही द्यायची. कीड आहे का, तो विचारायचा नाही आणि हिने विचारायचं नाही. एक दिवस हिने विचारलं. मग विचारतच राहिली. शेवटी दुकान सोडलं आणि बागा बघत फिरायचं काम धरलं. कीड मोजायची, आणि फवारायचं की नाही हे मालकाला सांगायचं. महामारी आली तशी मालकांनी हात आखडले. तिच्याकडं नीनो तेवढा उरला. तोही अर्धामुर्धा. त्याने बागेचा मागचा तुकडा, मागचा ब्लॉक, एका हंगामापुरता तिच्या हवाली केला होता. कॅलेंडरची फवारणी नाही. ती बघेल, गरज पडली तरच औषध, तेही सौम्य. माल चांगला निघाला तर पुढं सगळी बाग तिच्याकडं. अळी निघाली तर नीनो आपल्या जुन्या पंपाकडं, आणि ही परत काउंटरला.

"आणि जावं लागलं काउंटरला, तर?" मी विचारलं.

"तर काही नाही आबा. पण मी मरेन तिथे."

ही बाई कधी बसायची नाही. मी तिला बसलेली बघितली ती फक्त मोटार चालवताना. डब्यातली पोळीभाजी ती बॉनेटवर ठेवून उभ्याने खायची, तीही डोळे फांदीकडं लावून. आमच्या घरी आली की अश्विनी खुर्ची ओढायची. मेधा खुर्चीची पाठ धरायची आणि उभी राहून बोलायची. चहा अर्धा प्यायची. उरलेला अर्धा कुठंतरी विसरायची. खिडकीत, नळाजवळ, एकदा तर पाळण्याखाली. भिंग तिने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेलं. गावातल्या एका आजीबाईंनी ते मंगळसूत्र समजून "मिस्टर काय करतात?" विचारलं. "मोठं करून दाखवतात," म्हणाली आणि चालू लागली.

दुसरं तिचं हत्यार म्हणजे पांढरं ताट. साधं, प्लास्टिकचं, कडा घासलेलं. फांदीखाली ताट धरायचं, वरून नळीच्या तुकड्याने दोन टोले द्यायचे. ताटात जे पडेल ते पळायच्या आत बघायचं. त्यात तिच्या दोन जाती. पिकाचं नुकसान करतात ते 'पाहुणे', आणि पाहुण्यांना खातात ते 'घरचे'. ढालकिडा, क्रायसोपा, कोळी खाणारे बारके कोळी, हे घरचे. त्यांच्याशी ती चक्क बोलायची. "या बाई, जेवलात का? मावा आहे ना भरपूर? बसा." किड्याला बसा म्हणायची, स्वतः नाही.

घरात जीव रमत नव्हता म्हणून मी ताट धरायला जाऊ लागलो. मदत म्हणून नव्हे. माझे डोळे चांगले आहेत, आणि ही काय करते ते बघायचं होतं. आमचं रोज वाजायचं.

"मेधा, फवारा मारून मोकळी हो. आमच्यात पहाटे पंपाचा आवाज आला नाही तर शेजारी विचारायला येतो, घरात कुणी वारलं का म्हणून."

"आणि लाल कोळी? तो कमी झाला का तुमच्याकडे?"

"तो कुठं कमी होतोय. त्याला दुसरं औषध मारतो."

"त्याला खाणारे तुम्हीच मारलेत आबा, पहिल्या फवाऱ्यात."

"पुस्तकातलं सांगू नकोस."

"नाही सांगत. ताट सरळ धरा."

तासगावची बाग तेव्हा पुतण्या बाळू बघायचा. तो फोनवर सांगायचा, दादा, आज हे मारलं, उद्या ते मारणार. मी म्हणायचो, शाब्बास. मेधा शेजारी असली की मुद्दाम मोठ्याने म्हणायचो.

सप्टेंबरात झाडं फुलली. पांढरीशुभ्र. त्या बागेचा मोठा शत्रू म्हणजे एक करडा पतंग. त्याची अळी कोवळ्या शेंड्यात शिरते, मग फळात. त्याच्यासाठी मेधाने मागच्या ब्लॉकभर झाडाझाडाला गंधाच्या तारा बांधल्या. मादीचा वास त्यांत भरलेला. आपल्या नाकाला कळत नाही. नराला मात्र चहूकडून मादी बोलावतेय असं वाटतं, खरी कुठली ते सापडत नाही, आणि तो हिंडून हिंडून मरतो. लग्नच जमत नाही, तर अंडी कुठली. शिवाय चिकट तळाचे कामगंध सापळे टांगलेले. किती नर येतात ते त्यांत कळतं.

सापळ्यात शून्य. पुढच्या आठवड्याला शून्य. नीनो खूश. त्या दिवसांत टीव्हीवर सकाळी रोगाचे आकडे सांगायचे, आणि आमच्या भागाचाही आकडा शून्य असायचा. नीनो मास्क हनुवटीखाली ओढून यायचा, एक बोट टीव्हीच्या दिशेला, एक बागेच्या. "झीरो! झीरो!" आणि माझ्या पाठीवर थाप, जी मारायला तेव्हा बंदी होती.

मेधा मात्र शून्य आलं की जास्तच फिरायची. सापळा उघडायची, बंद करायची, परत उघडायची.

"आता काय झालं? नाही ना एकही?"

"तेच ना. नराला खरी मादी सापडू नये म्हणून वास पसरलाय. मग त्याला माझा सापळा तरी कसा सापडणार? शून्य म्हणजे नाहीत, की शून्य म्हणजे मला दिसत नाहीत?"

"मग नीनोला शून्य का सांगितलंस?"

"कारण शून्य होतं!" म्हणाली आणि तरातरा निघून गेली. ताट माझ्याच हातात.

दिवाळी पंधरवड्यावर आली तेव्हाची गोष्ट. उन्हं उतरत होती. अश्विनीने चकलीचं पीठ भिजवलेलं, मेधा ओट्याला टेकून उभी. तिचं जॅकेट व्हरांड्यातल्या खुंटीवर. हेच जॅकेट घालून तिने त्या गंधाच्या तारा बांधल्या होत्या. मी बाहेर बसलो होतो. बघतो तर जॅकेटभोवती बारके करडे पतंग फडफडतायत. बाहीवर, कॉलरवर, खिशात शिरतायत.

"अश्विनी, ये बघायला," मी हाक मारली.

अश्विनी हसत सुटली. "मेधा, स्थळं आली गं तुला! एकदम वरातच!"

"सगळे सावळे आहेत, पण चालतील," मी म्हणालो.

मेधा हसली नाही. ती दारात आली आणि तिचा चेहरा उतरला. "बागेत शून्य, आणि इथे एवढे? हे कुठून आले?"

इतकं बोलली आणि जॅकेट तिथंच सोडून कुंपणाकडं पळाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही कुंपणाच्या कडेच्या ओळीत होतो. शेंडे बघत निघालो आणि पहिला माझ्याच डोळ्याला सापडला. मान टाकलेला, सुकलेला. तिने नखाने चिरला. आत गुलाबी अळी. मग पुढचा. मग पुढचा. कडेच्या ओळींत बरेच, आतल्या ओळींत जवळजवळ नाहीतच. पलीकडं शेजाऱ्याचे पीच हिरव्या फळांनी लदलेले, आणि त्यांचे शेंडे तर जळाल्यासारखे. मालक मेलबर्नला. राज्यांची हद्द बंद झाल्यापासून तो आलाच नव्हता. ना छाटणी, ना विरळणी, ना औषध.

"कळलं," मी म्हणालो. "लग्नं तिकडं लागतायत. माद्या इकडं नुसत्या बाळंतपणाला येतायत. माहेर समजून."

तेव्हा मात्र ती हसली. हसता हसताच डोळे पुसले. गंधाच्या तारा लग्न मोडतात. लग्न उरकून आलेलीला त्या काय करणार?

मला वाटलं आता ही गप्प बसेल. कडेच्या तर ओळी, कुणाला कळतंय. ती तडक नीनोच्या शेडमध्ये गेली. मी मागे. चिरलेले शेंडे तिने त्याच्या टेबलावर ठेवले आणि सांगितलं. तिचं इंग्रजी मला कळलं नाही, पण 'झीरो' आणि 'रॉन्ग' हे दोन शब्द कळले. नीनोने शेंडे बघितले, तिच्याकडं बघितलं, आणि उठून पंपाच्या टाकीत पाण्याची नळी सोडली. सगळ्या ब्लॉकला, उद्या पहाटे, जुनं जालीम औषध. माझं मत विचाराल तर मीही तेच केलं असतं.

मेधाने जाऊन नळ बंद केला.

नीनो ओरडला. तीही ओरडली. नीनोने नळ सोडला, तिने परत बंद केला. मला वाटलं म्हातारा हिला हाकलतो. मग ती माझ्याकडं वळली. "आबा, तुम्ही सांगा त्याला. आतल्या ओळीत शेंडे कसे होते?"

"मी कशाला सांगू? माझं तुझ्याशी पटत नाही."

"म्हणूनच तुम्ही सांगा!"

नीनो माझ्याकडं बघत होता. मला खोटं बोलता येत नाही, हा आमच्या घराण्याचा दोष आहे. मी आतल्या बागेकडं हात केला आणि म्हणालो, "गुड." मग कुंपणाकडं हात केला. "बॅड." त्या देशात मी बोललेलं सगळ्यात लांब भाषण ते.

नीनोने बराच वेळ दाढी खाजवली. मग म्हणाला, संडे. पुढचं मला मेधाने मराठीत सांगितलं. रविवारपर्यंत शेजारचे पीच साफ कर. मग औषध फक्त कडेच्या ओळींना, तू म्हणतेस ते, अळीलाच लागणारं. नाही झालं तर सोमवारी पंप.

मेलबर्नचा मालक फोनवर बिचारा चांगला बोलला. "नो वरीज, मेट, सगळं काढून टाका." पण काढणार कोण? फळं तोडायला येणारी परदेशी पोरं त्या वर्षी आलीच नव्हती. मेधाने व्हॉट्सअॅपवर टाकलं. आपली मराठी घरं आली, पंजाबी आली, दवाखान्यातले एक डॉक्टर जोडप्याने आले. एकेकाला एकेक झाड, अंतर राखून. घरात कोंडून कंटाळलेली माणसं जत्रेला यावं तशी आली. फळं काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची, तोंड बांधून उन्हात ठेवायची, म्हणजे अळ्या आतच शिजतात. मेधा या झाडाकडून त्या झाडाकडं नुसती धावत होती. दुपार टळली तशी झाडं मोकळी झाली. पिशव्यांचा ढीग बघितला आणि तिच्या कपाळाला आठी.

"ढीग छोटा कसा?"

कसा ते मला माहीत होतं. आपल्या बायका. हिरवा, घट्ट, आंबट पीच. कैरीचा सख्खा भाऊ. कुणाच्या हाताने फेकवेल? डिकीत पिशव्या, पर्सच्या तळाशी पिशव्या. लोणचं, मेथांबा, मुरंबा. बरं दिसणारंच तर घेतलंय, किडकं सोडलं, असं ज्याची त्याची समजूत. आत अळी आहे हे बाहेरून कळत नाही, आणि गावात घरोघरी परसात एखादं फळझाड आहेच, म्हणजे पतंगाला नवं घर.

मग मेधा दारोदार. मास्क लावून, बेल वाजवायची आणि पायऱ्या उतरून खाली उभी राहायची. "वहिनी, पीच द्या परत."

"अगं, फोडी करून मीठ लावलंय!"

"मीठ लावलेलं राहू दे. सालं आणि कोयी द्या. न चिरलेले सगळे द्या."

"एवढेसे ठेवू? सासूबाईंना मुरंबा आवडतो गं."

"सासूबाईंना फोन द्या, मी बोलते."

एका घरी तर पंजाबी आजीने आतून दारच लावून घेतलं. मेधा बाहेरून हिंदीत म्हणाली, "बीजी, मैं यहीं खड़ी हूँ." आणि खरंच उभी राहिली. उभं राहण्यात तिला कोण हरवणार? अंधार पडायच्या आत बीजीने पिशवी बाहेर फेकली. सगळ्यात शेवटी ती आमच्या दारात आली.

"अश्विनी."

"माझ्याकडे काही नाही हं."

"अश्विनी, बाळाच्या टबमध्ये काय आहे?"

सुनेने माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं बघितलं. नातवाचा अंघोळीचा टब पीचने भरलेला, वर टॉवेल झाकलेला. मेधाने टब उचलला आणि चालती झाली. नातवाची अंघोळ दोन दिवस बादलीत.

सोमवारी पहाटे नीनोने स्वतः ट्रॅक्टर काढला. मी खिडकीतून बघत होतो. कडेच्या ओळी झाल्या. आता वळतो की काय, असं वाटलं. त्याने पंप बंद केला आणि शेडकडं गेला.

त्यानंतरचा उन्हाळा मला नीट आठवत नाही, इतका तो धाकधुकीत गेला. ऊन असं की गलाह नावाची गुलाबी पाखरं चोच उघडी टाकून नळाखाली बसायची. मेधा रोज कडेच्या ओळीत. नवा शेंडा वाळला की मला दाखवायची. "हा जुना की नवा?" मी म्हणायचो जुना. ती म्हणायची, नक्की? मग मलाही नक्की वाटेना. आत मात्र लाल कोळी वाढला नाही. घरच्यांनी जेवण चांगलं केलं होतं. मी ते बोलून दाखवलं नाही.

फेब्रुवारीत तोडणी. तिकडं तोडत नाहीत, हलवतात. यंत्र खोड धरतं, झाड थरथरतं, जांभळी फळं कापडावर सडासडा पडतात. नीनोने मागच्या ब्लॉकचा माल वाळवायला पाठवायच्या आधी शेडच्या दारात स्टूल टाकलं आणि खिशातला चाकू काढला. कडेच्या ओळीतलं फळ घेतलं, कापलं. चांगलं. दुसरं. चांगलं. पुढं एकात अळी निघाली. मेधा समोर उभी, हात काखेत. परत चांगलं. परत अळी. ती डोळे मिटून उभी राहिली. मग त्याने आतल्या ओळींची पेटी पुढं ओढली. कापत गेला, कापत गेला. मधासारखा गर, आत कोय, बाकी काही नाही. पायाशी फोडींचा ढीग झाला. शेवटची फोड नीनोने तोंडात टाकली, चावत चावत कमरेचा जुडगा सोडला आणि तिच्याकडं फेकला. सगळ्या फाटकांच्या किल्ल्या होत्या त्यात.

"बस आता तरी," मी म्हणालो.

"पुढच्या ब्लॉकला खवलेकीड आहे आबा. यांनी वर्षानुवर्षं बघितलेलीच नाही." आणि निघाली.

एप्रिलमध्ये मला परतीच्या विमानात जागा मिळाली. निघायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, मी बागेत चक्कर मारायला गेलो. पानं पिवळी पडलेली, फळ एक नाही. दूरच्या ओळीत ती टोपी दिसली. फांदी डोळ्याजवळ, सोडली, पुढचं झाड.

"मेधा! हंगाम संपला की गं!"

"त्यांना कुठे कुणी सांगितलंय!" ती तिकडूनच ओरडली. हात हलवला. जवळ आली नाही, मीही गेलो नाही. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. आवाज लांब जात जात थांबला. थांबला म्हणजे झाडापाशी थांबली असणार, बसली नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळूचा फोन आला. तासगावला नुकतं उजाडत होतं. खरड छाटणी झाली, फुटवे निघालेत, टाकी भरून ठेवलीय, आता पहिला फवारा मारतो, फुटवे कुरतडणाऱ्या उडद्यासाठी, म्हणाला. मी शाब्बास म्हणायची वाट बघत होता.

"उडद्या आहे का?" मी विचारलं.

"असणारच की दादा."

"बघितलास का?"

"बघायचं काय त्यात? दरसालचं आहे."

"पंप बंद कर. घरात जा, पांढरं ताट आण."

"ताट? तिकडं जाऊन डोकं फिरलं काय दादा तुमचं?"

"ताट आण म्हणतो ना. फुटव्याखाली धर, वरून हळू टिचक्या मार, आणि काय पडतं ते मला सांग. मी थांबलोय."

बाळूने काहीतरी पुटपुटून पंप बंद केला. फोन तसाच चालू होता. त्याच्या चपला घराकडं जाताना ऐकू आल्या. मी खुर्चीतून उठलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.